देवाला नाही, फुलं बघायला



आज बचत, कर्ज, हप्ता यांतलं काही बोलायचं नाही असं ठरवून आलेय. थोडं पैशाचं येईल, त्याला इलाज नाही. आमच्या एका गटातल्या दहाजणी, मी आणि माझी साताऱ्याची एक मैत्रीण, अशा बाराजणी सप्टेंबरात एक दिवस कासच्या पठारावर जाऊन आलो. कशाला गेलो, तर रानातली आमरी बघायला. आमरी म्हणजे ज्याला इंग्रजी शाळेतली पोरं ऑर्किड म्हणतात ते फूल. मोठ्या लग्नात स्टेजवर जांभळी फुलं लावलेली असतात, आठ-आठ दिवस सुकत नाहीत, ती याच जातीची. पण ती शेतात जाळीखाली वाढवलेली. आम्ही गेलो ती आपोआप उगवणारी, पावसात पाणथळ जागी येणारी, कुणी न लावलेली बघायला.

"देवाला चाललाय का?" हा पहिला प्रश्न प्रत्येकीला घरात आला. शिखर शिंगणापूरला जायचं म्हटलं, गोंदवल्याला जायचं म्हटलं, पंढरीला तर काय विचारूच नका, कुणी अडवत नाही. सासू स्वतः दशम्या बांधून देते. प्रशिक्षणाला जायचं म्हटलं तरी आता चालतं, कारण त्यातून कर्ज मिळतं हे घरच्यांना कळलंय. पण नुसतं बघायला? एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "फुलं बघाय गाडी करून जात्यात व्हय गं? परड्यात सदाफुली हाय की." एकीच्या मालकांनी विचारलं, "तिथं मिळतंय काय?" याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. मला वाटतं, देता आलं नाही हेच बरं झालं. दिलं असतं तर दरवेळी द्यावं लागलं असतं.

पैशाचं असं केलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं, कारण तो पैसा कुणाच्या तरी बियाण्याचा, कुणाच्या तरी दवाखान्याचा असतो. वेगळी वही घातली. मार्चपासून आठवड्याला पंचवीस रुपये, गटाच्या बाराजणी आणि मी. सव्वीस आठवड्यांचे माणशी ६५० रुपये झाले. गाडी साडेचार हजारांत ठरली. शाळेत विज्ञान शिकवणारी माझी मैत्रीण साताऱ्यातून आमच्यात येणार होती, तिचा खर्च तिचा. मी स्वतः बी. ए. मराठी, झाडापानांतलं मला तुमच्याइतकंच कळतं, म्हणून तिला ओढली. पुढं जे शास्त्राचं सांगणार आहे ते तिनं आणि पठारावरच्या वाटाड्या ताईंनी सांगितलेलं आहे.

बारातल्या दोघी आल्या नाहीत. एकीची कांद्याची लागण आली. दुसरीला घरातून नाही म्हणाले. आदल्या रात्री नाही म्हणाले, भाकऱ्या करून झाल्यावर. तिच्याबद्दल नंतर सांगते.

पहाटे साडेचारला निघालो. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या माणात सप्टेंबरातही माळ पिवळटच असतो. बाजरी बरी असली तर नशीब. कोरेगाव सोडलं की हिरवं वाढत जातं. साताऱ्यात बोगद्यापाशी माझी मैत्रीण गाडीत चढली, तिथून यवतेश्वरचा घाट लागला आणि पाऊस सुरू झाला. आमच्याकडं पाऊस येतो तो वाजत-गाजत येतो आणि पाच मिनिटांत जातो. तिथं तो पडत नाही, नुसता असतो. धुक्यात, हवेत, काचेवर, पदरावर. थोरल्या काकू खिडकीतून हात बाहेर काढून बसल्या होत्या, ओला झालेला हात तोंडावरून फिरवायच्या आणि परत बाहेर. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हात आत घ्या." त्यांनी घेतला नाही.

कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, पश्चिमेला. उंची समुद्रापासून बाराशे मीटरच्या आसपास. रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. धुकं फाटलं की एका अंगाला कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, दुसऱ्या अंगाला खाली उरमोडीचं धरण आणि सज्जनगड. हे उरमोडी नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पठारावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं तर सगळ्या थोड्या हिरमुसल्या. मोबाईलमध्ये बघितलेलं असतं ना, नुसता गुलाबी-पिवळा गालिचा. प्रत्यक्षात धुकं, वारा आणि काळा कातळ, त्याच्यावर गुडघ्याच्याही खाली असलेलं गवत. छत्री उघडली ती उलटी झाली. मग वाटाड्या ताई आल्या. जवळच्याच एका गावच्या, पस्तिशीच्या असतील, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं, पायात बूट. आसपासच्या गावांची मिळून तिथं वनव्यवस्थापनाची समिती आहे. तिकीट, गाडीतळ, राखण, वाट दाखवणं, सगळं गावातलीच माणसं करतात. दिवसाला ठराविकच लोक सोडतात. आम्ही मुद्दाम बुधवारी गेलो होतो. शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त असतात असं ऐकून होतो.

ताई म्हणाल्या, "उभं राहून बघू नका, बसून बघा. वाटेवरच बसा, गवतात नको." आम्ही वाटेवर बसलो, आणि मग दिसायला लागलं.

मैत्रिणींनो, ही जागा कशी आहे ते नीट सांगते, कारण फुलांचं सगळं गणित जागेत आहे. खाली जांभ्या दगडाचा कातळ. त्यावर माती म्हणजे कुठं बोटभर, कुठं चार बोटं, कुठं काहीच नाही. झाड वाढणार कसं? मुळीला जागाच नाही. पाऊस पडला की पाणी लवकर झिरपत नाही, खळग्याखळग्यांत साचून राहतं. चार महिने सगळं पठार म्हणजे उथळ पाणथळ. आणि उन्हाळ्यात तेच पठार तव्यासारखं तापतं, पाण्याचा थेंब नाही. म्हणजे चार महिने पाण्यात पाय आणि पुढं कोरडा दुष्काळ. असल्या जागी टिकायचं तर वर्षाचं सगळं काम त्या चार महिन्यांत उरकावं लागतं. उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाची तरतूद जमिनीखाली ठेवून वरून नाहीसं व्हायचं. साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती तिथं नोंदल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात कास आहे. महाराष्ट्रातली त्यात चार आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यांतली दोन आपल्या सातारा जिल्ह्यातली, आणि आमच्या गाडीतल्या आठजणींनी यवतेश्वरचा घाटसुद्धा पहिल्यांदाच बघितला.

पहिली आमरी थोरल्या काकूंनाच दिसली. त्या म्हणाल्या, "ही बया दात घासायचा ब्रश घेऊन उभी हाय का काय?" ताई हसायला लागल्या, कारण लोक त्या आमरीला टूथब्रश आमरीच म्हणतात. हिरवा दांडा, आणि त्याच्या एकाच बाजूला ओळीनं पांढरी फुलं लागलेली. पुस्तकात या जातीला हबेआमरी म्हणतात. तिच्यातले प्रकार पुष्कळ आहेत. पुढं थोड्या अंतरावर तिचीच मोठी बहीण होती. दांड्यावर दोन-तीनच फुलं, पण पांढरीशुभ्र, आणि प्रत्येक फुलाच्या मागून बोटाहून लांब, बारीक शेपटीसारखी नळी खाली लोंबत होती.

त्या नळीत मध असतो, अगदी तळाशी. मग तो खाणार कोण? मधमाशीची सोंड पोचत नाही. लांब सोंडेचा पतंग रात्री येतो, म्हणून फूल पांढरं, अंधारात दिसावं असं. पतंग तोंड आत खुपसतो तेव्हा परागांची गोळी त्याच्या डोक्याला चिकटते आणि पुढच्या फुलाला जाते. इतर फुलांचे पराग पिठासारखे सुटे उडतात, आमरीचे गोळी बांधलेले असतात. गटाच्या हिशेबनीस वहिनी लगेच म्हणाल्या, "म्हणजे सुट्टी मोड न्हाय, बांधली नोट." हे माझ्या मैत्रिणीला इतकं आवडलं की शाळेत पोरांना असंच सांगणार म्हणाली.

आता आमरीचं बी. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखांनी बिया असतात, धुळीसारख्या, फुंकर मारली तर उडून जातील अशा. तुम्ही म्हणाल मग सगळं रान आमरीनं भरून जायला पाहिजे. भरत नाही. आपल्या ज्वारीच्या, हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी भरलेली असते. म्हणून तो ओल मिळाली की उगवतो. आमरीच्या बीला आईनं शिदोरीच दिलेली नसते. ते बी मातीत पडल्यावर तिथं एका विशिष्ट जातीची बुरशी असावी लागते. ती बुरशी बीला भरवते, तेव्हा कोंब येतो, आणि मग फुलायला आणखी काही वर्षं. ती बुरशी तिथल्याच मातीत असते. आणि जमिनीवरच्या आमरीला खाली छोटा कंद असतो. गेल्या वर्षीचा कंद या वर्षीचं झाड उभं करतो आणि स्वतः आटून जातो. तोवर पानांनी पुढच्या वर्षीचा दुसरा कंद भरायचा असतो. पानं तुडवली गेली तर नवा कंद भरत नाही. म्हणजे पाय या वर्षी पडतो आणि फूल पुढच्या वर्षी येत नाही. पाय पडला होता हे तोवर कुणाच्या ध्यानातसुद्धा नसतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर पाचच मिनिटांत आमच्यातल्या एका वहिनींनी केसांतला आकडा काढून मातीत घातला. त्यांना एक कंद घरी न्यायचा होता. तुळशीशेजारी लावणार होत्या. ताईंनी बघितलं आणि ओरडल्या नाहीत, खाली बसल्या त्यांच्याशेजारी. म्हणाल्या, "वहिनी, हे राखीव जंगल आहे, इथून काडी न्यायची नाही असा कायदा आहे, ते एक. दुसरं, तुमच्या तुळशीत ही बुरशी कुठून आणणार? चार दिवसांत कुजेल." वहिनी ऐकेनात. म्हणाल्या, "रोज एवढी माणसं येत्यात, फोटो काढाय फुलांत लोळत्यात, त्यांचं काय होतंय? माझी एक मुळी तेवढी दिसली?"

मला सांगायला हवं की या प्रश्नाला आमच्यात कुणाकडं चांगलं उत्तर नव्हतं. कारण समोर तेच चाललं होतं. एक कुटुंब दोरी ओलांडून आत गेलेलं, बाई गवतात बसलेली, नवरा म्हणतोय थोडं डावीकडं सरक. राखणदार शिट्टी वाजवत पळत होता. ताई एवढंच म्हणाल्या, "त्यांना मी शिट्टी वाजवते. तुम्हाला शेजारी बसून सांगते." वहिनींनी आकडा पुसला आणि केसांत खोचला. पण पुढचा अर्धा तास त्या कुणाशी बोलल्या नाहीत. घरी न्यायला काहीतरी हवं होतं त्यांना. "तिथं मिळतंय काय" हे त्यांच्याच मालकांनी विचारलेलं होतं.

तिथून कुमुदिनी तलावाकडं चालत गेलो, जुन्या राजमार्गावरून. ही साताऱ्याहून महाबळेश्वरकडं जाणारी जुनी वाट. आम्हाला थांबत थांबत तास लागला. वाट म्हणजे कुठं चिखल, कुठं शेवाळलेला कातळ. दोघीजणी रबरी चपलांवर आल्या होत्या, त्या शेवटी अनवाणीच चालल्या. वाटेत जे जे दिसलं ते सगळं सांगत बसले तर कार्यक्रमाची वेळ संपेल. सोनकी पिवळीधमक. तेरडा, तो आपल्याला गौरीमुळं ओळखीचा. गेंद, म्हणजे पांढरी गुंडी काडीवर खोचल्यासारखी, हजारांनी. आणि सीतेची आसवं, इवलंसं निळं-जांभळं फूल, नाव ऐकून सगळ्या हळहळल्या. मग मैत्रिणीनं सांगितलं की ही बारीक किडे खाते. तिच्या मुळांशी ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात, त्यात जीव ओढला जातो. माती इतकी निकस आहे की सत्त्व मिळवायला तिला हे करावं लागतं. थोरल्या काकू म्हणाल्या, "चांगलंय की. रडून कुठं पोट भरतंय."

एका डबक्यात वायतुरा होता, बहर सरत आलेला. पाण्यातून वर आलेला तुरा दोन फाट्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणून वायतुरा. याच्या शास्त्रीय नावात आपल्या साताऱ्याचं नाव आहे आणि सह्याद्रीबाहेर तो सापडत नाही. मला स्वतःला आमरीपेक्षा हाच जास्त आवडला, सांगून टाकते. आमरी नटलेली वाटते. हा आपला पाण्यात उभा.

कुमुदिनी तलावावर पांढरी छोटी फुलं होती, पाकळ्यांना लोकरीसारखी लव असलेली, पाण्यावर पसरलेली. तिथं थोड्या वेळ थांबलो, आणि तिथंच थोरल्या काकूंनी ताईंना विचारलं, "ह्या पाण्याचं पुढं काय होतं?"

ताई म्हणाल्या, "कुठं मुरतं, कुठं वाहून जातं. या डोंगरावरचं पाणी शेवटी सगळं कृष्णेलाच मिळतं. पलीकडं उतरलं तर कोयनेत, उत्तरेला उतरलं तर वेण्णेत. आणि ह्या अंगाला कासच्या बाजूनं खाली गेलं तर उरमोडीत."

"उरमोडीत?" सगळ्याच एकदम म्हणाल्या.

मैत्रिणींनो, जे माणदेशातलं ऐकत नाहीत त्यांना यात काय एवढं असं वाटेल. उरमोडी धरणाचं पाणी उपसा करून, कालव्यानं खटाव आणि माण तालुक्यात आणलेलं आहे. त्या पाण्यासाठी किती वर्षं मोर्चे निघाले, किती निवडणुका त्याच्यावर झाल्या, ते आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. "उरमोडीचं पाणी आलं का?" हे आमच्याकडं "जेवलीस का" इतकं नेहमीचं विचारणं. आमच्या गटातल्या चौघींच्या शेताजवळून ते पाणी जातं. सगळ्यांना मिळतं असं नाही, वेळेवर मिळतं असंही नाही, तो वेगळा विषय. पण ते पाणी कुठून येतं म्हटलं तर धरणातून, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. धरणात कुठून येतं ते कधी विचारलं नव्हतं.

थोरल्या काकू २०१२-१३ च्या दुष्काळात दोन गाई आणि एक बैल घेऊन चारा छावणीत राहिल्या होत्या, महिनोन्‌महिने, कापडाच्या पालात. एक गाय तिथंच गेली. त्या काठावर बसल्या आणि पायांतली चप्पल काढून पाय धुक्यात नुसते पुढं केले, पाण्यात नाही घातले. ताईंनी सांगितलं होतं ना पाण्यात उतरायचं नाही. बराच वेळ बसल्या. कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी विचारलं ते गुरांचंच.

"एवढं गवत हाय, आन् गुरं कुठं दिसंनात?"

यावर ताईंनी जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. पूर्वी पठारावर आसपासच्या गावांची गुरं चरायला यायची, पिढ्यानपिढ्या. मग पर्यटक वाढले, फुलं तुडवली जायला लागली, म्हणून पठाराला तारेचं कुंपण घातलं. कुंपणानं माणसं थांबली तशी गुरंही थांबली. पुढं काही वर्षांनी गावातले जुने लोक आणि काही अभ्यासकही म्हणायला लागले की फुलं कमी होताहेत. कारण काय, तर गुरं गवत खाऊन ते आखूड ठेवत होती, शेणाचं खत पडत होतं. गुरं थांबल्यावर गवत माजलं आणि त्याखाली बुटकी फुलं दबली. शेवटी कुंपण काढलं. ताई म्हणाल्या, "पण तोवर पुष्कळांनी गुरं विकली होती. आता परत कोण घेणार? पोरं गाडीतळावर काम करतात, हंगामात पैसे मिळतात. गुरामागं कोण जाणार?" त्यांच्या स्वतःच्या घरी चार म्हशी होत्या, आता एक आहे.

थोरल्या काकूंनी मान हलवली. "गुराचं त्वांड न् माणसाचा पाय, ह्येच्यात फरक हाय," म्हणाल्या. आणि मग दोघी, एक दुष्काळी भागातली आणि एक अतिवृष्टीच्या भागातली, म्हशीच्या धारेवर, सरकी पेंडीच्या भावावर अर्धा तास बोलत बसल्या. आम्ही भाकऱ्या सोडल्या. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. ताईंनाही बसवलं. त्यांनी डब्यातून नाचणीची भाकरी काढली, आम्ही बाजरीची. अदलाबदल झाली. गप्प बसलेल्या वहिनी तिथं बोलत्या झाल्या, "नाचणीचं पीठ विकत मिळेल का तुमच्या गावात?" मिळालं. पाच किलो. त्यांनाही घरी न्यायला काहीतरी झालं.

परतताना कास तलावापाशी थांबलो. ब्रिटिशांच्या काळात बांधलेला हा तलाव, साताऱ्याला पाणी पुरवतो. तिथं झाडी आहे, आणि झाडाच्या खोडावर ताईंनी दुसरी आमरी दाखवली. फूल नव्हतं, तिचा बहर होऊन गेला होता, नुसती जाड पानं आणि पांढऱ्या मुळ्या. एकजण म्हणाली, "हे तर बांडगूळ." नाही. हे सगळ्याजणी नीट ऐका, कारण आपल्याकडंही कोकणाच्या, घाटाच्या बाजूला माहेर असलेल्या आहेत. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळी घुसवतं आणि रस पितं. आमरी झाडावर फक्त बसते. तिच्या मुळ्यांना वरून टिपकागदासारखं आवरण असतं, पाऊस-धुक्याचं पाणी त्यानं शोषून घेते. झाडाचं काही घेत नाही. बांडगूळ समजून लोक ती ओढून काढतात, ते थांबवा. आपल्याकडं जिला सीतेची वेणी म्हणतात, ती झाडावरून लोंबणारी गुलाबी-पांढरी फुलांची वेणी, तीही आमरीच. आसामात तिला राज्यफुलाचा मान आहे आणि बिहू सणाला बायका ती अंबाड्यात माळतात. आणि आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा खरा वास येतो तोही एका आमरीच्या वेलीच्या शेंगेचा. हे ऐकून ड्रायव्हरसुद्धा मागं वळून बघायला लागला.

रात्री दहाला घरी पोचलो.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हंगाम, पण आमरी बघायची तर सप्टेंबरच्या मध्याच्या आत. नोंदणी आधी मोबाईलवरून करून ठेवा, गटातल्या कुणाची तरी लेक करून देईल. शनिवार-रविवार टाळा. बूट घाला, नाहीतर पट्ट्याची घट्ट चप्पल. छत्री नको, रेनकोट किंवा पोत्याची खोळ. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या नेऊ नका, डबा आणि स्टीलची बाटली. वर जायच्या आधी साताऱ्यातच सगळं उरकून घ्या, बाया पाणी न पिता बसतात आणि मग डोकं दुखतं. वाटाड्या गावातलाच घ्या, शक्य तर बाई मागून घ्या. आणि एखादी साठीच्या पुढची बरोबर न्या. आम्हाला जे प्रश्न सुचले नाहीत ते थोरल्या काकूंना सुचले.

हिशेब सांगते, कारण हिशेब सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. अकराजणींचे ७,१५० रुपये. गाडी ४,५००. तिकिटं, वाटाड्या ताई, चहा जाऊन उरले ३४०. कांद्याच्या लागणीमुळं न आलेल्या बाईचे ६५० रुपये परत केले, तिनं सही करून घेतले.

राहिली ती दुसरी, जिला आदल्या रात्री नाही म्हणाले. तिच्या भाकऱ्या मात्र आमच्याबरोबर आल्या होत्या. पहाटे गाडी थांबवून तिनं खिडकीतून फडकं दिलं आणि परत गेली. तिचे पैसे द्यायला मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. मालक ओसरीवर होते. तिनं पैसे घेतले नाहीत. मालकांसमोरच म्हणाली, "वहीत राहू द्या. पुढच्या सालचं माझं आधीच भरलंय असं लिहा." मालक काही बोलले नाहीत, तंबाखू मळत होते.

तर वहीत आता ३४० आणि ६५० मिळून ९९० रुपये शिल्लक आहेत, आणि पहिल्या पानावर तिचं नाव आहे. या महिन्यापासून पंचवीसचे तीस करायचे ठरलंय. डिझेल वाढलंय म्हणून.